आधी आवाज, मग माती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भंडारा जिल्ह्यात खऱ्या बैलांना आराम आणि लाकडी बैलांना काम असतं. त्या दिवसाचं नाव तान्हा पोळा. सुताराने घडवलेला, चार चाकांवर उभा असलेला नंदी फडताळातून निघतो, त्याच्या पाठीवर झूल चढते, गळ्यात घुंगरू येतात, आणि घरातलं सगळ्यात लहान पोर त्याला दोरीने ओढत गल्लीत निघतं. दारोदार जाऊन बोजारा मागायचा असतो. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी सांगतो, बोजारा म्हणजे नंदी घेऊन दारात आलेल्या पोराच्या हातावर ठेवायचे पैसे किंवा खाऊ. या एका शब्दावरून माणूस विदर्भाचा की बाहेरचा ते कळतं.

मला या मिरवणुकीत सजावटीपेक्षा वेगळंच काही पाहायला आवडतं. बोजारा मिळायला उशीर झाला की एखादं पोर नंदीला वीतभर पुढे सरकवतं, थांबतं, पुन्हा सरकवतं आणि घोगरा आवाज काढून म्हणतं, ‘मले भूक लागली जी.’ घरातली बाई हसत हसत आत जाते आणि रुपया-दोन रुपये जास्तच घेऊन येते. पोराने मागितले असते तर तिने ‘थांब रे’ म्हटलं असतं. नंदीने मागितलं म्हणून तिला थांबवता आलं नाही.

निर्जीव जनावर, थोडी थोडी हालचाल आणि उसना आवाज. स्टॉप मोशन या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या चित्रपटकलेची सगळी सामग्री या दारात हजर असते. नसतो तो फक्त कॅमेरा. आणि कॅमेरा तर हल्ली त्या बाईच्या हातात असतोच.

ही कला समजायला सोपी आणि करायला जीवघेणी आहे. मातीचा, कापडाचा किंवा लाकडाचा प्राणी टेबलावर ठेवायचा, एक फोटो काढायचा. त्याचा पाय केसभर हलवायचा, दुसरा फोटो काढायचा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी पळतो. सोय म्हणून बहुतेक जण एकच स्थिती दोन चौकटींपुरती ठेवतात. म्हणजे सेकंदाला १२ स्थिती झाल्या. मिनिटाला ७२०. पाच मिनिटांच्या गोष्टीला ३,६००, तेही एकच पात्र असेल तर. अनुभवी कलावंताची दिवसभराची कमाई काही सेकंदांची असते. मध्येच कुणी टेबलाला धक्का दिला तर सकाळपासूनचं काम गेलं. या धंद्यात माणसं शांत होतात किंवा धंदा सोडतात.

या कलेच्या जन्मकथांपैकी एक गमतीची आहे. व्लादिस्लाव स्तारेविच हा कौनास शहरातल्या निसर्ग-वस्तुसंग्रहालयाचा प्रमुख. त्याला १९१० च्या सुमारास शिंगाड्या भुंग्यांची झुंज चित्रित करायची होती. भुंगे निशाचर, दिव्यांच्या उजेडात ते झुंजण्याऐवजी निपचित पडत. शेवटी त्याने मेलेल्या भुंग्यांच्या पायांना मेण आणि तार लावली आणि एकेक चौकट घेत त्यांना झुंजवलं. पडद्यावर ती झुंज इतकी खरी वाटली की भुंग्यांना शिकवून तयार केलंय असा लोकांचा समज झाला, असं सांगतात.

त्याच सुमारास आपल्याकडे दादासाहेब फाळके एका कुंडीसमोर बसले होते. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर पैसेवाल्यांना पटवायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी वाटाणा पेरला आणि अंकुर फुटून वेल वर चढेपर्यंत थोडं थोडं चित्रण करत राहिले. ‘अंकुराची वाढ’ पाहून ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा राहिला. भारतीय चित्रपटाचं पहिलं भांडवल एका वाटाण्याने मिळवून दिलं, हे मला नेहमीच छान वाटत आलंय. वाटाणा मात्र स्वतःच हलत होता. वस्तू स्वतःच्या हाताने हलवून तिच्यात जीव आणण्याचा खेळ फाळक्यांनी १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये केला. नावातच सगळं आलं. पेटीतल्या काड्या, आणि त्यांची मौज. मुके दिवस होते, काड्यांना बोलायचं नव्हतं.

बोलणं आलं तेव्हा प्राणी आलेच. १९३४ मध्ये प्रभात फिल्म कंपनीने रघुनाथ केळकर यांच्याकडून ‘जंबूकाका’ हा छोटा चित्रपट करून घेतला. कंपनी नुकतीच, वर्षभरापूर्वी, कोल्हापूरहून पुण्यात आली होती. ‘जंबूकाका’ मातीचा नव्हता, हाताने काढलेल्या चित्रांचा होता. पण नायक निवडताना मराठी माणसाने कोल्हा निवडला आणि त्याला काका केलं, यात नवल नाही. करटक-दमनकांपासून भोपळ्यातल्या म्हातारीची वाट अडवणाऱ्यापर्यंत आपल्या गोष्टीतला कोल्हा बोलतोच. वाघ डरकाळी फोडतो, बैल राबतो, कोल्हा बोलतो.

योगायोग असा की त्याच वर्षांत तिकडे फ्रान्समध्ये स्तारेविचही एका बोलक्या कोल्ह्यात अडकला होता. मेलेल्या भुंग्यांपासून सुरुवात केलेला हा माणूस आता पूर्ण लांबीचा बाहुलीपट करत होता, युरोपातल्या जुन्या लोककथांमधल्या लबाड रेनार कोल्ह्यावर. बाहुल्यांचं काम १९३० पर्यंत आटोपलं. आवाजाचं काम मात्र अडलं, आणि अडलं ते सात वर्षं. अखेर जर्मन पैशाने, जर्मन आवाजात, तो १९३७ मध्ये बर्लिनला लागला. फ्रेंच कोल्हा फ्रेंच बोलायला १९४१ उजाडलं. चित्र आधी आणि आवाज मागून, हा उलटा क्रम केवढ्याला पडतो त्याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

सुलटा क्रम ज्यांनी रुजवला त्यांच्याकडे आता वळू. हे प्रकरण खरं म्हणजे त्यांच्यासाठीच आहे.

इंग्लंडमधल्या पीटर लॉर्ड आणि डेव्हिड स्प्रॉक्स्टन या दोन मित्रांनी १९७२ मध्ये आर्डमन नावाचा स्टुडिओ काढला, जो पुढे ब्रिस्टल शहरात स्थिरावला. त्यांची सुरुवातीची एक कल्पना विलक्षण होती. संवाद लिहायचेच नाहीत. निवारागृहात, चित्रपटगृहाच्या दालनात, जिथे माणसं खरोखर बोलतात तिथे जाऊन ते बोलणं टिपायचं आणि मग त्या आवाजावर मातीची माणसं हलवायची. १९७८ च्या सुमारास बीबीसीसाठी त्यांनी असे दोन छोटे चित्रपट केले. पात्रं माणसंच होती आणि चित्रपट हसवणारे नव्हते. पाहताना जरा उदासच वाटतं.

तिथे निक पार्क आला आणि त्याने एकच बदल केला. आवाज माणसांचे राहिले, तोंडं जनावरांची झाली.

‘क्रीचर कम्फर्ट्‌स’ हा त्याचा १९८९ चा चित्रपट जेमतेम पाच मिनिटांचा आहे. प्राणिसंग्रहालयातले प्राणी कॅमेऱ्यासमोर बसून मुलाखत देतात: इथे राहायला कसं वाटतं, जेवण कसं, थंडी किती. आवाज मात्र साध्या माणसांचे. काही म्हातारी माणसं, काही कुटुंबं, आणि इंग्लंडमध्ये शिकायला आलेला ब्राझीलचा एक विद्यार्थी. त्या पोराने थंडीबद्दल, जेवणाबद्दल आणि खोलीच्या अपुरेपणाबद्दल मनापासून तक्रार केली. पार्कने ती तक्रार पिंजऱ्यातल्या एका रानटी मांजरकुळीच्या प्राण्याच्या तोंडी घातली. झालं. वसतिगृहाची खोली आणि पिंजरा यांत फार अंतर नाही, हे कुणीही न म्हणता प्रेक्षकाला कळलं. आजवर वसतिगृहात राहिलेल्या कुणालाही हा विनोद समजावून सांगावा लागलेला नाही.

१९९१ मध्ये या चित्रपटाला ऑस्कर मिळालं. त्याच गटात पार्कचाच दुसरा चित्रपट, वॉलेस आणि त्याचा कुत्रा ग्रोमिट या मातीच्या जोडीचा पहिला, स्पर्धेत होता. माणूस स्वतःशीच हरला आणि स्वतःशीच जिंकला. पुढे याच प्राण्यांना घेऊन विजेवरच्या घरगुती उपकरणांच्या जाहिराती निघाल्या आणि तुफान गाजल्या. इतक्या, की त्या गॅसच्या जाहिराती होत्या असं अनेक इंग्रज आजही छातीठोकपणे सांगतात. लोकांना कासव आठवतं, कंपनी आठवत नाही. जाहिरातवाल्यांनी यावरून काय शिकायचं ते शिकावं.

‘क्रीचर कम्फर्ट्‌स’ची मालिका आली २००३ मध्ये, आयटीव्ही वाहिनीवर. दिग्दर्शक रिचर्ड गोलेशोव्हस्की. पद्धत तीच, पण आता काम मोठं होतं. देशभर फिरून माणसांशी गप्पा मारायच्या: सर्कस, डॉक्टर, मांजर बरं की कुत्रा. तासन्‌तासांच्या त्या ध्वनिमुद्रणातून दहा-वीस सेकंदांचे तुकडे काढायचे, आणि मग डोळे मिटून ऐकायचं की या आवाजाला कोणतं जनावर शोभेल. २००७ मध्ये अमेरिकेत सीबीएस वाहिनीने तिथली आवृत्ती आणली आणि तीनच भाग दाखवून बंद केली. आधीच भरून ठेवलेल्या हशांची सवय झालेल्या प्रेक्षकाला हा विनोद हळू वाटला असावा, असा माझा अंदाज.

हळू तर तो आहेच. त्यात विनोदी वाक्य जवळपास नसतं. हसू येतं ते थांबण्यामुळे. माणूस ‘सगळं छान आहे’ म्हणतो, मग अर्धा सेकंद थांबतो, आणि त्या अर्ध्या सेकंदात मातीचं कासव एकदा पापण्या मिटतं. लेखकाने लिहिलेल्या संवादात असा अर्धा सेकंद सापडत नाही. तो खऱ्या माणसाकडूनच घ्यावा लागतो.

आता ओठांचं पाहू, कारण इथे मराठी माणसाकडे घरचीच एक चावी आहे. आवाज टिपला की कलावंत तो चौकटी-चौकटींत मोडतो. ‘पानी’ या शब्दाला अर्धा सेकंद लागला तर २४ च्या हिशेबाने १२ चौकटी झाल्या: दोन चौकटी ओठ बंद, पाच चौकटी तोंड उघडं, दोन चौकटी जीभ दातांमागे, तीन चौकटी ओठ फाकलेले. मग पात्रासाठी आठ-दहा तोंडांचा संच बनवायचा आणि चौकटीगणिक तोंड बदलायचं. इंग्रजी शिकणाऱ्याला कोणत्या अक्षराला कोणतं तोंड याचा तक्ता पाठ करावा लागतो, कारण त्या भाषेत अक्षर एक आणि उच्चार चार. आपण पहिलीत म्हटलेली वर्णमाला हा तसा तक्ताच आहे. प, फ, ब, भ, म एका ओळीत आहेत कारण ते सगळे ओठांवर घडतात. कॅमेऱ्याला त्या पाचांसाठी एकच तोंड पुरतं. क-वर्ग घशाजवळ घडतो, बाहेरून फारसा दिसतच नाही. खरं काम स्वरांचं: आ, ई, ऊ, ए, ओ. प्राचीन व्याकरणकारांनी तोंडाच्या आत पाहून केलेली ही मांडणी मातीच्या म्हशीला बोलवण्यासाठी वापरता येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल.

याच तक्त्याने मला एक गोष्ट दाखवली. भंडाऱ्याकडच्या झाडीबोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’च्या जागी बहुधा ‘र’ येतो. पाणी ते पानी, डोळा तो डोरा. पण ‘पाणी’ म्हणताना आणि ‘पानी’ म्हणताना ओठ तसेच हलतात. डोळ्याला बोली दिसत नाही. म्हणून मातीचा प्राणी कितीही कौशल्याने घडवला तरी तो साकोलीचा की सदाशिव पेठेतला हे माती सांगू शकत नाही. ते ध्वनिमुद्रण सांगतं.

आणि आपण नेमके तिथेच घसरतो. आपल्याकडे बोलक्या प्राण्यांच्या ज्या मालिका मुलं पाहतात त्यांतले ससे, हत्ती, माकडं एकाच गुळगुळीत, स्टुडिओत घासलेल्या भाषेत बोलतात. गावाकडची बोली आली तरी ती टिंगलीच्या पात्राला, तीही अर्धीमुर्धी आणि नक्कल केलेली. कौशल्य नाही असं मुळीच नाही. २००७ च्या ‘तारे जमीन पर’मधली मातीची नामावली धीमंत व्यास यांनी किती सुंदर केली ते आठवा. सुरेश इरियत यांच्या मुंबईच्या स्टुडिओने ‘टोकरी’ हा स्टॉप मोशन लघुपट वर्षानुवर्षं खपून पूर्ण केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हात आहेत, चिकाटी आहे. कान मात्र अजून रस्त्यावर उतरलेला नाही.

झाडीपट्टीत, म्हणजे झाडीबोलीच्या मुलखात, तो उतरला तर काय सापडेल? साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य घालवून या बोलीचा अभ्यास उभा केला, तिच्या शब्दांना छापील रूप दिलं. बोली जिवंत असल्याचा पुरावा हवा असेल तर दिवाळीनंतर या. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, एकेका गावाचा एकेक दिवस ठरलेला. दिवसा दंडार, कुठे खडी गंमत, ही इथली लोकनाट्यं, आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक, जे पहाट झाल्याशिवाय संपत नाही. दंडारीतला गमत्या समोर बसलेल्या पाटलाचं, मास्तरचं बोलणं तिथल्या तिथे उचलतो आणि भलत्याच पात्राच्या तोंडी घालतो. निक पार्कने केलं ते हेच. झाडीपट्टीच्या विनोदाची सरकारदरबारी उशिरा का होईना दखल घेतली गेली. गडचिरोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

प्राण्यांची तर इथे ददातच नाही. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाला तेव्हा नागझिरा तिकडे गेलं, पण कोकाचं जंगल भंडाऱ्याकडे राहिलं. आणि महाराष्ट्रात सारस पाहायचा तर याच दोन जिल्ह्यांच्या धानाच्या बांध्यांत यावं लागतं. माणसाएवढा उंच पक्षी, जन्मभर एकाच जोडीदाराबरोबर राहणारा. चाळीस वर्षं संसार झालेल्या एखाद्या जोडप्याला विचारा, ‘तुमचं दोघांचं कसं काय चाललंय?’ आजी बोलायला लागतील, आजोबा मध्ये तोंड घालतील, आजी म्हणतील, ‘तुमी थांबा ना जी.’ ते जसंच्या तसं सारसाच्या जोडीला द्या. एकही वाक्य लिहावं लागणार नाही.

किंवा पवनीकडे जा. तिथे वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ मध्ये बसली, आणि पाणी चढत गेलं तशी अनेक गावं नव्या वसाहतींत हलली. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला नवीन घराबद्दल विचारा. तो आधी म्हणेल, ‘बेस हाये.’ मग थांबेल. मग गोठा कुठे बांधायचा, ओटा किती अरुंद, शेजार कसा पांगला, हे एकेक निघेल. ही वाक्यं काचेच्या टाकीतल्या मातीच्या कासवाला दिली तर लोक आधी हसतील. मात्र ज्याचा आवाज घ्यायचा त्याला आधी नीट सांगून, त्याची संमती घेऊनच घ्यावा. विनोद त्याच्या बरोबरीने व्हायला हवा, त्याच्यावर नको.

करून पाहणाऱ्यांसाठी चार अनुभवाचे बोल. गणपतीची शाडू या कामाला चालत नाही. ती वाळते आणि तडकते. तेलात मळलेली, न वाळणारी प्लॅस्टिसिन घ्या. पण तीही मे महिन्यात काढू नका. भंडाऱ्यात पारा ४५ पर्यंत जातो, त्यात दिव्यांची ऊब. म्हैस बोलायच्या आधी टेबलावर बसकण मारते. मार्गशीर्ष-पौष हा हंगाम उत्तम. आतल्या सांगाड्याला ॲल्युमिनियमची मऊ तार. भंडाऱ्याचं पितळ भांड्यांसाठी नावाजलेलं असलं तरी इथे उपयोगाचं नाही, पितळी तार वाकवली की परत उसळते. खिडकी काळ्या कापडाने बंद करा, कारण ऊन सरकतं आणि पडद्यावर जनावर लुकलुकायला लागतं. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी हे सगळं सांभाळलं, आणि विजेचा दाब दर पाच मिनिटांनी खाली-वर होत राहिला. नंदी बोलत होता आणि त्याच्या मागे दिवसरात्र उगवत-मावळत होती.

लाकडी नंदीचं तोंड उघडत नाही, ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या अर्धवटराव या बाहुल्याचा जबडा फक्त वर-खाली होतो, आणि तरी तो बोलतोय यावर पिढ्यानपिढ्यांचा विश्वास बसला. शब्द सुरू होतो तेव्हा मान उचलली आणि शब्द थांबतो तेव्हा थांबली, की प्रेक्षक उरलेलं स्वतः भरून काढतो. कान असतील तर ते मेणाने चिकटवून थोडे हलवता येतात. थांबण्याच्या जागी हलवा, बोलण्याच्या जागी नको.

खऱ्या बैलांच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, २०१४ मध्ये बंदी आली, २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि अजूनही दर वर्षी कागदपत्रं लागतात. लाकडी बैलाला काहीच लागत नाही. तेव्हा पुढच्या तान्ह्या पोळ्याला बोजारा वाटून झाला की नंदी लगेच फडताळात ठेवू नका. पण आधी आजोबांसमोर फोन ठेवा आणि त्यांना विचारा, ‘तुमच्या बैलजोडीची आठवण सांगा जी.’ मध्ये बोलू नका. एका मिनिटाचं बोलणं पुरे. त्याला ७२० फोटो लागतात.